घरची एनओसी

ऑनलाइन पीएच.डी. नावाची पदवी भारतात नाही. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांना ऐकवलंय की आता ते सवयीने तोंडून बाहेर पडतं. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात. चाळिशी ओलांडलेले, नोकरीत मुरलेले, घरात एक दहावी-बारावीचं मूल आणि एक औषधांचा डबा. कुणाच्या तरी मोबाइलवर जाहिरात आलेली असते : नोकरी न सोडता, घर न सोडता, दीड-दोन वर्षांत डॉक्टरेट. युरोपातलं कुठलं तरी विद्यापीठ, हप्त्यांची सोय, शेवटी टोपी घालून फोटो. मग फोन येतो, "ताई, तुम्ही ऑनलाइनच करताय ना? कसं असतं हो ते?"

मी अर्धवेळ करते. कागदावर हा फरक बारीक दिसतो, पण त्या फटीत लोकांचे लाखभर रुपये सहज पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२मध्ये पीएच.डी.ची नवी नियमावली आणली. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येणार नाही, अर्धवेळ देता येईल. त्याच्या आदल्याच महिन्यात आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) यांनी मिळून लोकांना सावध केलं होतं की एड-टेक कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकताहेत, त्यांना इथे मान्यता नाही. म्हणजे टोपीवाला फोटो खरा, पदवी नाही. आणि गोलमाल फक्त परदेशी पत्त्यावरूनच होतो असंही नाही. जानेवारी २०२५मध्ये राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना आयोगाने पाच वर्षं पीएच.डी.चे नवे विद्यार्थी घ्यायला बंदी केली, कारण पदव्या देताना नियम पाळले गेले नव्हते.

तरी जाहिरात बघून फोन करणाऱ्यांना मी हसत नाही. त्यांची गरज खरी असते. दिवसभर दुसऱ्याचं काम केल्यावर एखादी गोष्ट आपल्या डोक्याने मुळापासून तपासावी, ही हौस पगारवाढीच्या हिशेबात बसत नाही, पण असते. मला तर एक पैसाही वाढून मिळणार नाही. मी कोलकात्यात एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. बदलीने आले आणि राहिले. घर भवानीपूरला, हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातल्या गणपतीला चालत जाता येतं एवढ्या अंतरावर. कचेरी बीबीडी बागेत, जिला इथली जुनी माणसं अजून डलहौसीच म्हणतात. नाव नोंदवलंय महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात. मार्गदर्शक तिकडे, मी इकडे, आणि विषय आहे सखाराम गणेश देऊस्कर.

देऊस्करांचं नाव महाराष्ट्रात आता फारसं कुणी घेत नाही. बंगालमध्ये घेतात. १८६९ साली देवघरजवळच्या करों गावी, मराठी घरात जन्मलेला हा माणूस. शिक्षण एन्ट्रन्सपर्यंत. शाळामास्तर झाला, मग कोलकात्याला येऊन 'हितवादी'मध्ये प्रूफं तपासू लागला आणि पुढे त्याच पत्राचा संपादक झाला. १९०२ साली कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात पुढाकार त्याचा. रवींद्रनाथांची शिवाजीवरची प्रसिद्ध कविता छापली गेली ती देऊस्करांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेच्या सुरुवातीला. आणि १९०४ साली 'देशेर कथा'. इंग्रजी राज्यात हिंदुस्थान कसा नागवला गेला याचा आकडेवारीसकट मांडलेला हिशेब, दादाभाई, रमेशचंद्र दत्त, डिग्बी यांच्या आधाराने आणि सरळ बंगालीत. स्वदेशीच्या काळात ते घरोघरी गेलं. १९१०मध्ये सरकारने बंदी घातली. दोनच वर्षांनी देऊस्कर वारले, वय त्रेचाळीसही पुरं झालं नव्हतं. मी जन्मभर ताळेबंद वाचत आले असल्यामुळे असेल, पण मला त्या पुस्तकातल्या भाषणबाजीपेक्षा तक्त्यांमध्ये रस आहे. हे आकडे त्याने कुठून घेतले, कुठे गोळाबेरीज केली, कुठे चुकला? प्रूफं तपासून झाल्यावर हा माणूस ते कधी लिहीत होता, हाही प्रश्न मनात असतोच, पण तो प्रबंधात घालता येत नाही.

माझ्या अभ्यासातलं ऑनलाइन म्हणजे काय, तेही सांगून टाकते. रविवारी रात्री आठला मार्गदर्शकांशी व्हिडिओवर बोलणं. गांधीनगरच्या 'शोधगंगा'वरून इतरांचे प्रबंध उतरवून घेणं. संशोधनाच्या नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा सक्तीचा कोर्स. जुन्या बंगाली मासिकांची स्कॅन केलेली पानं. हे सगळं वीस वर्षांपूर्वी नव्हतं आणि त्याशिवाय माझ्यासारखीला हे जमलंच नसतं, हे कबूल. बाकीचं सगळं पायी. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते. २०१५ साली हा नियम आला तेव्हा सहकाऱ्यांनी सिनेमाचे बेत केले होते. माझे ते शनिवार आता अलीपूरला बेल्व्हेडियरच्या आवारात, राष्ट्रीय ग्रंथालयात जातात. १९५४च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथे यायला हवी, त्यामुळे पुण्याच्या एखाद्या पेठेत छापलेलं आणि पुण्यात न मिळणारं पुस्तक कधीकधी मला हुगळीकाठी मिळतं. मार्गदर्शकांना त्याचं फार कौतुक आहे. "तुम्ही परप्रांतात आहात म्हणून बरं," असं ते एकदा म्हणाले.

नियमावलीने अर्धवेळ उमेदवाराकडून नोकरीच्या ठिकाणची एनओसी मागितली आहे. तिच्यात तीन गोष्टी लिहून हव्यात : अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. दुसरी ओळ वाचून आमचे त्या वेळचे साहेब मोठ्याने हसले. "मार्चमध्येही?" म्हणाले. मग सही केली. तिसऱ्या ओळीचं पुढे काय झालं असं विचाराल, तर कोर्सवर्क मी स्वतःची अर्जित रजा टाकून पुरं केलं. कुणी मोडता घातला नाही, कुणी मोकळंही केलं नाही. देशभरच्या एनओसींची हीच गत असावी असा मला दाट संशय आहे. सही होते, कारण सहीचा खर्च नसतो.

घरच्या एनओसीचा नमुना आयोगाने दिलेला नाही. ती तोंडी असते, दर आठवड्याला नव्याने घ्यावी लागते आणि कुठल्याही कारणाने रद्द होऊ शकते. सासूबाई पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या होत्या, "या वयात कसला डॉक्टर व्हायचा? गुडघ्याचा डॉक्टर गाठायचा." त्याच बाई आता शनिवारी माझा डबा भरून ठेवतात, हा भाग वेगळा. रविवारी आठ ही नेमकी जेवणाची वेळ, म्हणून रविवारचा भात आणि आमटी मुलाकडे आली. पहिले काही रविवार आम्ही जे खाल्लं त्याला खिचडीही म्हणवत नव्हतं. सासूबाईंची महिन्याची रक्ततपासणी नवऱ्याकडे गेली. रांधायला येणारी दीदी दुर्गापूजेच्या महिन्यात गावी जाते तेव्हा सगळंच बसतं. एरवी पूजेचे दिवस मात्र सोन्यासारखे. बँक बंद, ग्रंथालय बंद, घरचे मंडपांच्या रांगांत. गल्लीत ढाक वाजत असतो आणि मी तळटिपा लावत असते.

पण हे सगळं हसत सांगण्यासारखं नाही. मुलगी दहावीला होती त्या वर्षी मी दुसरं प्रकरण लिहीत होते. तिला बरे गुण पडले, म्हणून कुणी काही बोललं नाही. कमी पडले असते तर कारण आधीच तयार होतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने त्याच सुमारास व्यवस्थापनाचा कुठलासा अभ्यासक्रम केला, शनिवार-रविवार दोन्ही दिवस. त्याच्या मुलीच्या गुणांबद्दल तेव्हा कुणाला काळजी वाटल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

आयोगालाही हे ठाऊक असावं. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुन्हा नोंदणी केली तर आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन. म्हणजे बाईला दहा वर्षांपर्यंत मुभा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजाही तिलाच. ही सवलत मी घेणार आहे, नाकारण्याइतकी मी तत्त्वनिष्ठ नाही. पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे : घर बाईच्याच अंगावर पडणार, तेव्हा तिला दोन वर्षं उशीर होणार. बालसंगोपनाची रजा बापालाही देता आली असती. दिली असती तर कदाचित त्याच्या बायकोला ती जादा दोन वर्षं लागली नसती.

कोलकात्यात राहून नोकरी सांभाळून संशोधन करायचं म्हटलं की लोक एकच नाव घेतात. चंद्रशेखर व्यंकट रामन १९०७ साली अठराव्या वर्षी इथे आले ते अर्थखात्यातले असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून, म्हणजे आमच्याच हिशेबाच्या धंद्यातले. ट्रामने जाता-येता बौबाजारात एका इमारतीवर त्यांना पाटी दिसली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. महेंद्रलाल सरकार नावाच्या डॉक्टरांनी १८७६ साली वर्गणी गोळा करून उभी केलेली ही संस्था तेव्हा जवळपास ओस पडली होती. रामन आत गेले. पुढची दहा वर्षं पहाटे प्रयोगशाळा, मग धावतपळत आंघोळ-जेवण, कचेरी, कचेरीतून सुटल्यावर पुन्हा प्रयोगशाळा. मध्ये रंगूनला बदली झाली, नागपूरला झाली. बदलीचं दुःख मला कळतं. परत आल्यावर ते संस्थेच्या शेजारच्याच घरात राहायला गेले आणि मधल्या भिंतीत दार पाडून घेतलं. १९१७ साली आशुतोष मुखर्जींनी विद्यापीठात पालित प्राध्यापक म्हणून बोलावलं, तेव्हा पगार कमी होत असूनही त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९२८चा 'रामन परिणामा'चा शोध याच इमारतीतला.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरीच माणसं दिसतात. एक आशुतोष डे, संस्थेतला मदतनीस. पहाटे दार उघडायला तो असायचा. प्रयोगाला हाताशीही तोच, पुढे त्याच्या स्वतःच्या नावावर संशोधनलेखही छापले गेले. दुसऱ्या लोकसुंदरी, रामन यांच्या पत्नी. धावतपळत जेवायला आधी जेवण तयार असावं लागतं. सरकारी नोकरीतल्या अर्धवेळ संशोधकाला काय लागतं, याची यादी या दोघांत जवळजवळ पुरी होते : अवेळी उघडणारं दार आणि घरात दुसरं कुणीतरी. रामन यांच्या बुद्धीची उसनवारी आयोगाला करता येणार नाही, पण दार उघडं ठेवणं अशक्य नाही.

आणि हेच रामन १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे संचालक असताना कमला भागवत नावाची मुंबईची पदवीधर मुलगी प्रवेश मागायला गेली. बाई आहे म्हणून त्यांनी नकार दिला. ती हटली नाही, तेव्हा एक वर्ष अटींवर ठेवलं. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. स्वतः दहा वर्षं कुठल्याही यादीत नसलेला संशोधक म्हणून पहाटे-रात्री काम केलेल्या माणसाने या अटी घालाव्यात, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. लग्नानंतरच्या सोहोनी आडनावानेच आपण त्यांना ओळखतो. इकडे कोलकाता विद्यापीठाने १९४४ साली असीमा चॅटर्जींना डी.एस्सी. दिली, भारतीय विद्यापीठाकडून ती मिळवणाऱ्या त्याही पहिल्याच.

तर माझं म्हणणं असं की, ऑनलाइन पदवीवरची बंदी योग्य आहे, पण ती घालून आयोग मोकळा झाला आणि अर्धवेळ संशोधक होता तिथेच राहिला. नियमाप्रमाणे दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती सांगावी लागते. माझ्या विद्यापीठाचा आग्रह असतो की समक्ष या. हावड्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून पुण्याला उतरायचं, पुढे बस, आणि पंधरा-वीस मिनिटं बोलून परत. एकदा मी गाडीत असताना समितीची तारीख पुढे गेल्याचा निरोप आला, तेव्हा गाडी नागपूरच्या आसपास होती. गंमत म्हणजे याच नियमावलीत शेवटची तोंडी परीक्षा ऑनलाइन घेण्याची मुभा आहे. प्रबंधाचा निकाल पडद्यावर लागू शकतो, तर सहामाही हालहवाल का नाही?

कोर्सवर्कचंही तसंच. मी राहते त्या शहरात विद्यापीठांना तोटा नाही. कोलकाता आहे, जादवपूर आहे. क्रेडिट एका विद्यापीठातून दुसरीकडे नेता यावीत म्हणून २०२१मध्ये खास क्रेडिटची बँक काढली आहे. संशोधन पद्धतीचे वर्ग मी जादवपूरला संध्याकाळी केले असते आणि खात्यात जमा करून महाराष्ट्रात वटवले असते, तर रजा वाचली असती. शिवाय बंगाली वाचणारी चार माणसं भेटली असती, ती वेगळीच. बँकेत काम करणारीला ही कल्पना अवघड वाटत नाही. विद्यापीठांना का वाटते, कळत नाही.

मार्गदर्शक मिळणं हा याहून मोठा घोळ आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी. त्या आठांत पूर्णवेळवाला आणि अर्धवेळवाला सारखाच मोजला जातो. पूर्णवेळवाल्याला जेआरएफ ही संशोधनवृत्ती असेल तर महिन्याला सदतीस हजार मिळतात, तो रोज विभागात दिसतो, आल्यागेल्याची विचारपूस करतो. अर्धवेळवाली रविवारी रात्री आठला दिसते आणि मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतात. कुठल्या प्राध्यापकाने तिला जागा द्यावी? मला मिळाली ते माझं नशीब, ती व्यवस्था नव्हे. अर्धवेळ उमेदवारांसाठी प्रत्येक मार्गदर्शकाकडे एखादी जागा मर्यादेबाहेर धरली, तर जाहिरातींच्या मागे धावणारे कितीतरी लोक सरळ रस्त्याला येतील. आणि एनओसीतली तिसरी ओळ गांभीर्याने घ्यायची असेल, तर तिच्यात वर्षाला किती दिवस हा आकडा लिहून घ्यावा. 'गरज पडल्यास' या शब्दांवर आमच्या बँकेत कुणी दहा रुपयांचं कर्ज देणार नाही.

एवढं सगळं मागत असूनही उद्या आयोगाने पीएच.डी. पूर्ण ऑनलाइन करून टाकली, तर मी विरोधात उभी राहीन. 'देशेर कथा'च्या एका जुन्या आवृत्तीची स्कॅन केलेली प्रत मी बरेच दिवस वापरत होते. मग इथल्या एका जुन्या ग्रंथालयात छापील प्रत हाती आली. एका तक्त्याशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीने बेरीज करून बघितली होती, दोनदा. स्कॅनमध्ये समास कापला गेला होता. शंभर-एक वर्षांपूर्वीचा कुठलासा वाचक, शिक्षक असेल, कारकून असेल, देऊस्करांच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी त्यांची बेरीज तपासत होता. पुस्तकाचा परिणाम काय झाला यावर माझ्या आराखड्यात नुसती विधानं होती, आता पुरावा होता. माझं चौथं प्रकरण त्या पेन्सिलीवर उभं आहे. त्या आठवड्यात माझी नजर सगळ्या जुन्या पुस्तकांच्या कडांवरूनच फिरत होती. अशी वस्तू शोधायला कुणी आधी सांगू शकत नाही. ती जागेवर जाऊन, वेळ वाया घालवताना सापडते, आणि जाहिरातीत नेमकं हेच वाचवून देण्याचं आश्वासन असतं.

म्हणून फोन करणाऱ्यांना मी आता उलट विचारते. विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे का, हे आधी बघितलं का? मार्गदर्शकाचं नाव माहीत आहे का, की 'नंतर देऊ' म्हणालेत? विषय तुम्ही निवडला की त्यांनी यादी पाठवली? सिनॉप्सिसपासून सबमिशनपर्यंत सगळं करून देतो असं कुणी म्हणालं का? म्हणालं असेल तर फोन ठेवून द्या. आणि रविवारी रात्री आठला तुमच्या घरी भात कोण लावणार आहे, हे ठरलं का? शेवटच्या प्रश्नावर बायका थांबतात. पुरुषांना बहुधा प्रश्नच कळत नाही, आणि मग तो मी त्यांच्या बायकोला फोन द्यायला सांगून पुन्हा विचारते.